छोट्या बँडचा उन्हाळी दौरा: तारखा ठरवण्यापासून परतल्यानंतरच्या हिशेबापर्यंत

चार-पाच जणांचा बँड, एक व्हॅन, तीन आठवड्यांत बारा-चौदा कार्यक्रम आणि सोबत ना व्यवस्थापक ना स्वतःचा ध्वनितंत्रज्ञ, अशा दौऱ्यासाठी हा लेख लिहिला आहे. मोठ्या कलाकारांच्या मागे जी माणसे राबत असतात, त्यांची सगळी कामे छोट्या बँडमध्ये वादकांनाच करावी लागतात आणि तीही वाजवून थकल्यावर करावी लागतात. असे अनेक दौरे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दौऱ्यावरच्या गोंधळात दुर्दैवाचा वाटा थोडा असतो. जो निर्णय घरी निवांत बसून घेता आला असता, तो रात्री दीड वाजता, बंद झालेल्या सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे राहून, पाच भुकेल्या माणसांना घ्यावा लागतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीमागे एकच विचार आहे: थकलेल्या माणसापुढे शक्य तितके कमी निर्णय उरले पाहिजेत.

तारखा आणि रस्ता

सुरुवात दोन-तीन खात्रीच्या कार्यक्रमांपासून करावी. एखादा महोत्सव किंवा चांगले मानधन देणारे सभागृह, असे हे मुक्काम नकाशावर आधी पक्के करावेत आणि मधल्या तारखा त्यांना जोडणाऱ्या रस्त्यावरच शोधाव्यात. मिळेल ती तारीख घेत गेल्यास दौरा नकाशावर नागमोडी होतो आणि मिळालेले मानधन इंधनातच जाते. महोत्सवाचा करार नीट वाचावा, कारण ठरावीक अंतराच्या आत, ठरावीक दिवसांत दुसरीकडे वाजवू नये अशी अट त्यात बऱ्याचदा असते आणि ती उशिरा लक्षात आली तर आधी शब्द दिलेल्या माणसाला नकार द्यावा लागतो.

ज्या दिवशी कार्यक्रम आहे त्या दिवशी चार ते पाच तासांपेक्षा जास्त प्रवास ठेवू नये. फोनवरचा नकाशा दाखवतो तो वेळ रिकाम्या मोटारीचा असतो. भरलेली व्हॅन, इंधन, जेवण आणि सुट्टीच्या दिवसांतील गर्दी धरली तर त्यात निदान चौथा हिस्सा मिळवावा लागतो. चार-पाच कार्यक्रमांनंतर एक पूर्ण मोकळा दिवस हवा. सातशे किलोमीटर गाडी चालवण्याच्या दिवसाला विश्रांतीचा दिवस म्हणण्याची सवय बहुतेक बँडना असते आणि दुसऱ्या आठवड्यात उडणारे खटके बहुधा तिथूनच सुरू होतात.

कामांची वाटणी

प्रत्येक कामाला एकच नाव असावे. आयोजकांशी बोलणारा एक, पैसे सांभाळणारा एक, गाडीची जबाबदारी घेणारा एक, स्टेजवरच्या सामानाचा एक आणि विक्रीच्या टेबलाचा एक. पाच जणांनी आयोजकाला पाच वेगवेगळे संदेश पाठवले की तो कोणाचेच ऐकत नाही. त्याशिवाय रोज एकाने त्या दिवसाचा प्रमुख व्हावे, म्हणजे किती वाजता निघायचे आणि कुठे थांबायचे यावर त्याचा शब्द अंतिम राहतो आणि हे पद रोज फिरत असल्यामुळे कोणाला ते डाचतही नाही. गाडी कधी थांबवायची, याचा अधिकार मात्र कायम चालवणाऱ्याकडेच असला पाहिजे.

आयोजकाशी आधीच केलेला पत्रव्यवहार

कार्यक्रमाच्या साधारण दोन आठवडे आधी प्रत्येक ठिकाणी दोन कागद पाठवावेत. पहिला म्हणजे इनपुट लिस्ट: मिक्सरच्या कोणत्या चॅनेलवर काय येणार, त्यासाठी माइक हवा की डी.आय. बॉक्स (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी छोटी पेटी), कोणत्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारी वीज) लागेल आणि यांपैकी काय तुम्ही स्वतः आणणार. दुसरा म्हणजे स्टेजची आकृती: कोण कुठे उभा राहणार, कोणाचा अ‍ॅम्प कुठे, मॉनिटर (वादकांना स्वतःचे वादन ऐकवणारे स्टेजवरचे स्पीकर) किती आणि विजेची जोडणी कुठे हवी. हे दोन्ही मिळून एका पानात मावले पाहिजे, कारण लहान ठिकाणचा ध्वनितंत्रज्ञ ते पान कार्यक्रमाच्या दिवशी, एका हातात केबल धरून वाचणार असतो.

त्याच पत्रात प्रश्नही विचारावेत. सामान किती वाजता आत आणता येईल, दारापासून स्टेजपर्यंत जिने किती, गाडी रात्रभर कुठे उभी राहील, साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) किती वाजता, वाजवायला नेमकी किती मिनिटे आहेत, आवाज किती वाजता बंद करावा लागतो, जेवणाची सोय आहे का, झोपायचे कुठे आणि रात्री पैसे कोणाच्या हातून मिळणार. शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. परंतु मध्यरात्री ‘पैशांचे मला माहीत नाही, ते निघून गेले’ असे ऐकण्यापेक्षा हा संकोच बाजूला ठेवणे बरे.

मानधनाचे साधारण तीन प्रकार असतात: ठरलेली रक्कम, तिकिटांच्या उत्पन्नातील हिस्सा किंवा या दोहोंपैकी जे जास्त भरेल ते. हिस्सा ‘खर्च वजा जाता’ असेल तर त्या खर्चात काय काय धरले आहे, हे लेखी मागावे. सभागृहाचे भाडे, ध्वनितंत्रज्ञ, जाहिरात, दारावरचा माणूस, असे एकेक वजा होत गेले की सत्तर टक्क्यांचा हिस्सा कागदावर भरघोस आणि हातात नगण्य राहतो. फुकट पाहुण्यांची यादी किती जणांची, हेही याच वेळी ठरवावे.

उत्तरे आली की प्रत्येक दिवसाचे एक पान तयार करावे. त्यात पत्ता, संपर्क, वेळा, मुक्काम, ठरलेले मानधन आणि पुढच्या दिवसाचा निघण्याचा वेळ असावा. हे पान प्रत्येकाच्या फोनवर असावेच, शिवाय छापील प्रत गाडीत असावी, कारण चार्जिंग आणि नेटवर्क दोन्ही एकाच वेळी संपतात. तीन दिवस आधी दूरध्वनी करून सगळे पुन्हा पडताळून घ्यावे. लेखी उत्तर मिळाले असले तरी हा दूरध्वनी टाळू नये. मला दोनदा कार्यक्रमाची वेळ बदलल्याचे अशा दूरध्वनीवरच समजले.

सामान आणि उष्णता

उन्हाळी दौऱ्याचा खरा शत्रू बंद गाडी आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २० अंश सेल्सिअसने वाढते, त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ज्या गोंदाने गिटारचे भाग जोडलेले असतात, तो ६० ते ७० अंशांच्या आसपास नरम पडू लागतो. गिटारच्या काळ्या केसवर, म्हणजे पेटीवर, थेट ऊन पडले तर आतले लाकूड त्या तापमानाच्या जवळ पोहोचू शकते आणि तारांचा ताण तर सतत असतोच, त्यामुळे अ‍ॅकॉस्टिक गिटारचा ब्रिज (तारा अडकवलेली लाकडी पट्टी) हळूहळू उचलला जातो. जेवायला थांबताना वाद्ये आत नेणे, हा म्हणूनच नियम असावा. नेता येतच नसतील तर गाडी सावलीत उभी करावी, केसवर पांढरी चादर टाकावी आणि तारा थोड्या सैल कराव्यात. वातानुकूलित खोलीतून एकदम उन्हात नेलेली केस लगेच उघडू नये. तिला अर्धा तास तशीच ठेवावी. लाकडी वाद्यांना ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. कोरड्या हवेत लाकूड आकसून चिरते आणि दमट हवेत फुगते, म्हणून केसमध्ये आर्द्रता राखणारी छोटी पिशवी ठेवणे स्वस्तात पडते.

सुराचेही असेच आहे. उष्णतेने तारा प्रसरण पावतात, सैल होतात आणि गिटारचा सूर उतरतो. सुषिर वाद्यांत मात्र उलट घडते: हवा तापली की ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि बासरी किंवा सॅक्सोफोनचा सूर चढतो. दोन्ही वाद्ये असलेल्या बँडला उघड्या स्टेजवर याचा लगेच प्रत्यय येतो. सावलीत जुळवून ठेवलेली वाद्ये उन्हात गेल्यावर विरुद्ध दिशांना सरकतात, म्हणून शेवटची जुळवणी स्टेजवरच, पाच मिनिटे तिथल्या हवेत उभे राहिल्यावर करावी आणि दोन गाण्यांनंतर पुन्हा करण्यासाठी गाण्यांच्या यादीत जागा ठेवावी.

गाडी भरण्याची एक ठरलेली रचना असावी आणि तिचा फोटो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असावा. जड अ‍ॅम्प आणि ड्रमची पेटी खाली आणि शक्य तितकी पुढे, आसनांच्या पाठीला टेकून. हलके सामान वर. आणि सगळे पट्ट्यांनी आवळलेले. जोरात ब्रेक लागला की सैल ठेवलेला अ‍ॅम्प पुढे बसलेल्यांच्या अंगावर येतो, त्यामुळे पट्टा आवळल्याशिवाय गाडी सुरूच करू नये. प्रत्येक नगावर क्रमांक घालावा. समजा एकूण २३ नग आहेत, तर निघताना एकाने मोठ्याने मोजावे आणि २३ म्हटल्याशिवाय दार बंद होऊ नये. वाद्यांचे अनुक्रमांक आणि फोटो घरच्या एखाद्या माणसाकडेही असावेत, कारण चोरी झाल्यावर पोलीस आणि विमा कंपनी सर्वांत आधी तेच विचारतात. रात्री वाद्ये गाडीत ठेवू नयेत. अगदीच नाइलाज झाला तर गाडीचे मागचे दार भिंतीला इतके चिकटवून उभे करावे की ते उघडताच येऊ नये.

सुट्या सामानाची एक वेगळी पेटी करावी. तारांचे निदान तीन संच, ड्रमच्या काठ्या, स्नेअरचे एक कातडे, ड्रम की (ड्रमचे कातडे आवळण्याची किल्ली), ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, योग्य क्षमतेचे फ्यूज, प्रत्येक प्रकारची एक जादा केबल, सोल्डरिंग आयर्न, गॅफर टेप आणि स्वतःचा एक डी.आय. बॉक्स. गुंडाळी असलेली एक्स्टेन्शन केबल वापरताना ती पूर्ण उलगडावी. गुंडाळलेल्या अवस्थेत जास्त भार दिला तर ती आतून तापते आणि वितळूही शकते. अ‍ॅम्पमधून सतत गुणगुण येत असेल तर अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ कोणीतरी हमखास सुचवतो. तो जीवघेणा आहे आणि तो कधीही करू नये. सगळी जोडणी एकाच ठिकाणच्या विजेवरून घ्यावी किंवा डी.आय. बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे (फक्त सिग्नलच्या केबलमधील अर्थिंगचा दुवा तोडणारे) बटण वापरावे.

देशाची सीमा ओलांडायची असेल तर

१९६१ च्या करारानुसार मिळणारे ए.टी.ए. कार्नेट हे कागदपत्र सामानाच्या तात्पुरत्या आयातीसाठी अनेक देशांत चालते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. त्याची गरज आहे का, हे दोन महिने आधी पाहावे. शिसवाच्या जातकुळीतील लाकडावर २०१७ मध्ये ‘साइट्स’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्बंध आले होते. पूर्ण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून त्यातून सूट मिळाली, मात्र ब्राझीलच्या शिसवाला ती लागू नाही. जुनी गिटार घेऊन जाणाऱ्याने आपले लाकूड कोणते, याची खात्री करून घ्यावी. विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

कार्यक्रमाचा दिवस

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे आणि पहिल्यांदा फक्त दोघांनी रिकाम्या हाताने आत जावे. दार, जिना, स्टेज आणि ध्वनितंत्रज्ञ पाहून, त्याला नावाने ओळखून घेऊन मगच सामान उतरवायला सुरुवात करावी. ही दोन मिनिटे वाचवण्यासाठी चुकीच्या दाराशी सगळे सामान उतरवलेले बँड मी पुष्कळ पाहिले आहेत. साउंडचेकच्या वेळी एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी हात वाद्यावरून काढून ठेवावेत. सर्वांत गलबल्याचे गाणे आणि सर्वांत हळुवार गाणे, यांचे प्रत्येकी एक कडवे वाजवले तर बहुतेक सगळे कळते. महोत्सवात साउंडचेक नसतोच. आधीचा बँड उतरून तुम्ही चढण्यात पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात प्रत्येक चॅनेल येतो आहे एवढेच पाहता येते. त्यासाठी ड्रम स्टेजच्या बाजूला आधीच जोडून ठेवावेत आणि केबल जोडण्याचा क्रम घरी घड्याळ लावून सरावात घ्यावा. गंमत म्हणून नव्हे, खरोखर घड्याळ लावून.

उघड्या स्टेजवर ऊन थेट येत असेल तर पेडलबोर्ड, लॅपटॉप आणि कीबोर्ड पांढऱ्या कापडाने झाकून ठेवावेत, कारण तापल्यावर त्यांचे स्क्रीन काळे पडतात आणि उपकरणे आपोआप बंद होतात. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी आयोजकाच्या सूचनेची वाट न पाहता वाजवणे थांबवावे, लोखंडी सांगाड्यापासून दूर जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे स्टेजवर परतू नये.

कार्यक्रम संपल्यावर एकाने ताबडतोब विक्रीच्या टेबलाशी जावे, कारण श्रोते पंधरा-वीस मिनिटांत निघून जातात. दोघांनी स्टेज मोकळे करावे. पैसे सांभाळणाऱ्याने मात्र शेवटचा नग गाडीत जाण्यापूर्वीच आयोजकासोबत बसून तिकिटांचा हिशेब पाहावा, रक्कम मोजावी आणि पावती घ्यावी. उद्या पाठवतो, असे सांगणारा माणूस खोटेच बोलत असेल असे नाही, पण उद्या तुम्ही चारशे किलोमीटर लांब असता.

रात्रीची गाडी

या बाबतीत मी अतिशय हट्टी आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते आणि २४ तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांइतकी होते. आता दौऱ्यावरचा साधा दिवस मोजून पाहावा. सकाळी सातला उठणे, अकरापर्यंत वाजवणे, साडेबारापर्यंत गाडी भरणे: गाडीची किल्ली फिरवताना साडेसतरा तास झालेले असतात. म्हणून कार्यक्रमानंतर अर्ध्या तासापेक्षा लांब जायचे नाही, हा नियम मुक्काम ठरवतानाच लावावा. दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे लागले तरी चालेल, कारण झोपून उठलेला माणूस चालवणार असतो. त्या रात्री जो चालवणार असेल त्याने मद्य घेऊ नये, त्याला सामान उचलण्यातून सूट द्यावी, आणि शेजारच्या आसनावर बसणाऱ्याने जागे राहावे.

कान आणि आवाज

कामाच्या ठिकाणी कानांचे रक्षण व्हावे म्हणून सुचवलेली एक मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसभरात फक्त पंधरा मिनिटे मिळतात आणि छोट्या खोलीत ड्रमशेजारी उभ्या असलेल्या माणसाची ती पहिल्या तीन-चार गाण्यांतच संपतात. संगीतकारांसाठीचे खास इअरप्लग सगळ्या वारंवारता साधारण सारख्याच कमी करतात, त्यामुळे सूर कळत राहतो. त्यांची सवय व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून ते सरावापासूनच घालावेत.

गायकाचा आवाज बहुधा स्टेजवर बसत नाही. तो बसतो कार्यक्रमानंतर, गोंगाटात, विक्रीच्या टेबलाशी ओरडून बोलताना आणि धावत्या व्हॅनमध्ये खिडक्या उघड्या ठेवून गप्पा मारताना. म्हणून टेबलावर गायकाला बसवू नये. त्याने येऊन सह्या कराव्यात आणि शांत जागी जावे. घसा बसला की कुजबुजून बोलण्याने आराम मिळत नाही, उलट अनेकांच्या स्वरयंत्रावर जादा ताण येतो. पूर्ण मौन पाळावे. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे आणि घाम खूप गेला असेल तर पाण्यासोबत क्षारही घ्यावेत.

पैसे

निघण्यापूर्वी सामायिक निधी वेगळा काढावा. त्यात एक रद्द होणारा कार्यक्रम आणि गाडीची एक मोठी दुरुस्ती भागेल इतकी रक्कम हवी. ती नसेल तर दौरा दोन कार्यक्रमांनी लहान करावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. प्रत्येकाला जेवणासाठी रोजची ठरावीक रक्कम रोख द्यावी आणि ती कशी खर्च केली हे विचारू नये. हिशेब रात्री न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा-कॉफीच्या वेळी, पावत्यांवरून लिहावा. टी-शर्ट आणि सीडी किती नेल्या, किती विकल्या, किती भेट दिल्या हे रोज मोजावे, नाहीतर तिसऱ्या दिवशी रक्कम जुळत नाही आणि संशय नको तिकडे जातो.

व्हॅनमधली माणसे

बँड फुटतात ते संगीतावरून कमी आणि ओल्या टॉवेलवरून जास्त, हे मी आजूबाजूला पाहिले आहे आणि त्याचे मला वाईट वाटत आले आहे. ज्या माणसांबरोबर वाजवताना अंगावर काटा येतो, त्यांच्याशी तीन आठवडे चार चौरस मीटरमध्ये राहणे, हे एक वेगळे कौशल्य आहे. आसने रोज बदलावीत, म्हणजे मधली अडचणीची जागा एकाच्याच वाट्याला येत नाही. प्रवासात रोज एक तास पूर्ण शांततेचा ठेवावा. कोणाला एकटे फिरून यायचे असेल तर कारण विचारू नये, फक्त परतण्याची वेळ विचारावी. कार्यक्रम वाईट झाला तर त्याची चिकित्सा त्या रात्री करू नये. कोणाची लय चुकली हे सगळ्यांना माहीत असते आणि ज्याची चुकली त्याला तर सर्वांत आधी कळलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, निघण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीत, दिवसाचे पान वाचून झाल्यावर ते बोलावे. रात्री जे भांडणाचे कारण वाटत होते, ते तोपर्यंत बहुतेक वेळा एका वाक्याची सूचना होऊन जाते.

परतल्यावर

पोहोचल्या दिवशीच गाडी रिकामी करावी आणि नग पुन्हा मोजावेत. उसने आणलेले सामान त्याच आठवड्यात परत करावे. अंतिम हिशेब सात दिवसांच्या आत सगळ्यांनी एकत्र बसून मिटवावा आणि वाजवलेल्या स्वतःच्या गाण्यांच्या याद्या आपल्या सादरीकरण-हक्क संस्थेकडे पाठवाव्यात, कारण त्यांची रॉयल्टी न मागता सहसा येत नाही. प्रत्येक आयोजकाला आभाराचे दोन शब्द लिहावेत. शेवटी प्रत्येक ठिकाणाच्या पानावर चार ओळी लिहून ठेवाव्यात: जिने किती होते, विजेची जोडणी कुठे होती, ध्वनितंत्रज्ञाचे नाव काय आणि व्हॅन कुठे उभी केली. पुढच्या वर्षी त्याच दाराशी पोहोचताना हे पान पहिल्यांदा उघडायचे आहे.